गेटिसबर्ग: एका बॅटरीच्या मागोमाग

अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर (पेनसिल्व्हेनिया राज्य) जाणारे बहुतेक जण २४ मैलांचा गाडीचा फेरा मारतात, प्रत्येक थांब्यावर उतरून फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत सगळी स्मारकं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. साहजिकच आहे. १३०० च्या वर स्मारकं आणि ४०० च्या आसपास तोफा. किती लक्षात राहणार? म्हणून आम्ही एकच तुकडी धरली: कॅप्टन जॉन बिगेलोची नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी, म्हणजे उत्तरेच्या (युनियनच्या) सैन्यातली तोफखान्याची तुकडी. ब्राँझच्या नेपोलियन जातीच्या सहा तोफा, ८८ घोडे आणि २ जुलै १८६३ पर्यंत लढाईचा शून्य अनुभव.

या बॅटरीचे रणभूमीवर तीन स्मारक-दगड आहेत, कारण ती तीन ठिकाणी लढली. क्रमाने पाहिले तरच गोष्ट उलगडते, म्हणून सुरुवात व्हीटफील्ड रोडवरच्या मुख्य स्मारकापासून करा. पीच ऑर्चर्ड ही लढाईतली प्रसिद्ध बाग इथून जवळच. उत्तरेच्याच जनरल सिकल्सने वरिष्ठांचा हुकूम नसताना आपली कोअर (सैन्याचा मोठा विभाग) पुढे आणून ठेवली होती आणि तिच्या फळीतली भगदाडं बुजवायला राखीव तोफखाना इथे आणावा लागला. स्मारकाशेजारच्या तोफेकडे लगेच पाठ फिरवू नका. चौथरे आणि गाडे नंतरचे आहेत (गाडे लाकडी वाटतात, पण बोटाने टकटक करून पाहा, ओतीव लोखंड आहे), पण रणभूमीवरच्या बहुतेक नळ्या त्या काळच्याच आहेत. नेपोलियन ओळखायची खूण म्हणजे ब्राँझवर चढलेला हिरवा गंज. तोंडासमोर उभं राहून कडेवरचं कोरीव काम वाचा: साल, ओतशाळा, तपासनिसाची आद्याक्षरं, पौंडांत वजन. हे वजन साधारण १२०० च्या घरात असतं. हे धूड चिखलातून ओढणाऱ्या घोड्यांचा विचार तिथेच मनात येतो.

इथून पुढे मात्र गाडी सोडा. ट्रॉसल फार्म इथून सुमारे ४०० यार्डांवर आहे आणि हेच अंतर बॅटरी लढत लढत मागे गेली. तोफा घोड्यांच्या गाडीला जोडायला वेळ नव्हता. तोफेचं शेपूट आणि ती गाडी यांच्यात लांब दोर बांधला, तोफ उडवली की ती धक्क्याने मागे सरके, सरकली की दोर ताणून आणखी मागे न्यायची, थांबून पुन्हा भरायची. चालताना जमिनीचा चढउतार पायांना कळतो. नकाशावर ही जागा सपाट दिसते आणि तिथेच फसगत होते. मधल्या उंचवट्याआडून शत्रू किती जवळ येईपर्यंत दिसत नसेल, ते गाडीच्या काचेतून समजणं शक्यच नाही. शेतात पीक उभं असेल तर आत शिरू नका, रस्त्याने वळसा घ्या. उन्हाळ्यात लांब पँट आणि मोजे हवेतच, गवतात गोचिड्या असतात.

ट्रॉसलच्या आवारात (दुसरा दगड इथला), दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात, बॅटरी अडकली. मागची फळी उभी राहीपर्यंत वाटेल ते झालं तरी जागा सोडायची नाही, असा इथल्या राखीव तोफखान्याचा अधिकारी मॅकगिल्व्हरी याचा हुकूम होता. एकविसावी मिसिसिपी ही दक्षिणेची पायदळ पलटण तोफांपर्यंत येऊन भिडली. चार तोफा गेल्या (नंतर परत मिळवल्या), ८८ पैकी ८० घोडे गमावले. जखमी बिगेलोला बिगुलवादक चार्ल्स रीडने बाहेर काढलं. त्यासाठी १८९५ मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. लढाईनंतर इथे काढलेला मेलेल्या घोड्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. तो फोनवर घेऊन घरासमोर उभे राहिलात तर जागा जुळवता येते. कोठाराच्या विटांच्या भिंतीत उंचावर तोफगोळ्याचं भोक अजून आहे. सिकल्सचा पाय गेला ती जागा दाखवणारा दगडही जवळच आहे आणि गर्दी असते ती तिथेच. माझ्या मते हा उलटा न्याय आहे.

तुकड्यांनी आपली जागा दगडात नोंदवण्याबाबत इथे भांडणं कोर्टापर्यंत गेली आहेत. बहात्तराव्या पेनसिल्व्हेनियाने (उत्तरेची पायदळ पलटण) रणभूमीवरच्या दुसऱ्या एका दगडी भिंतीपाशी स्मारक मिळावं म्हणून खटला लढवला आणि १८९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. त्यामुळे स्मारक पाहताना ते नेमकं कुठे उभं आहे, हेही वाचायचं असतं.

आता थोडं कामाचं. मैदानात फिरायला तिकीट नाही. व्हिजिटर सेंटरमधलं संग्रहालय आणि सायक्लोरामा (लढाईचं गोलाकार भव्य चित्र) मात्र तिकिटाचे आहेत. परवानाधारक गाइड तुमच्याच गाडीत बसून येतो. त्याला आधीच सांगा की तोफखानाच पाहायचा आहे, म्हणजे तो ठरावीक फेरा सोडतो. आतले बरेच रस्ते एकेरी असल्यामुळे चुकलं वळण महागात पडतं. तोफांवर चढायला आणि जमिनीतून काहीही उचलायला मनाई आहे. मेटल डिटेक्टर तर गाडीतूनही आणू नका.

तिसरा दगड झीगलर्स ग्रोव्हमध्ये आहे. उरलेल्या दोन तोफा घेऊन लेफ्टनंट मिल्टन ३ जुलैला इथे उभा होता. नॅशनल सिमेट्रीपाशी गाडी लावून चालत जाता येतं. तिथल्या हॅनकॉक अव्हेन्यूवर गाडीला जागा मिळेल या भरवशावर राहू नका.