आर्चबिशपचं कर्ज आणि ल्यूथरचे ९५ मुद्दे

प्रोटेस्टंट (पोपला न मानणारे ख्रिश्चन) म्हटलं की सगळ्यांना चर्चच्या दारावर ९५ मुद्द्यांचा कागद ठोकणारा मार्टिन ल्यूथर आठवतो (ठोकला की नाही यावर अजून वाद आहेत), पण मला त्यात सगळ्यात भारी वाटतो तो कर्जबाजारी आर्चबिशप (चर्चचा बडा धर्मगुरू) आल्ब्रेख्ट. वय कमी, एक आर्चबिशपपद आधीच हातात, तरी पठ्ठ्याला जर्मनीतल्या माइन्ट्सचंही पाहिजे, मग रोमची म्हणजे पोपची खास परवानगी काढायची म्हणजे पैसा आला, तो दिला फुगर नावाच्या बड्या सावकारांनी. फेडायचा कसा? तर पोप दहावा लिओ म्हणाला, पापाच्या शिक्षेची माफीपत्रं विका, अर्धे पैसे रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला, अर्धे तुमच्या कर्जाला. टेट्झेल नावाचा साधू ही पत्रं विकत गावोगाव फिरायचा आणि गल्ल्यावर नजर ठेवायला फुगरचा माणूस सोबत!! मेलेल्या आईबापांच्या नावानंपण पत्र मिळायचं.

ल्यूथर विटेनबर्गला शिकवायचा. तिथल्या राज्यकर्त्यानं या विक्रीला बंदी घातली होती, तर लोक हद्द ओलांडून पत्रं घेऊन यायचे. (हा राज्यकर्ताही काही संत नव्हता, त्याच्याकडे संतांच्या अवशेषांचा मोठा साठा, त्याचं दर्शन घेतलं की तिथेही शिक्षेत सूट.) मग ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरनं या विक्रीविरुद्धचे ९५ मुद्दे थेट आल्ब्रेख्टलाच पाठवले. त्यातला ८६ वा मुद्दा मला फार आवडतो, पोप एवढा गडगंज आहे तर गरिबांच्या पैशावर कशाला, स्वतःच्या पैशातून बांधू दे की ते चर्च.

पुढे त्याची भूमिका अजून कडक झाली. तारण (पापातून सुटका) मिळतं ते देवाच्या कृपेनं, फक्त विश्वासानं, ते विकतही मिळत नाही आणि पुण्य करून कमवताही येत नाही. आणि शेवटचा शब्द पोपचा नाही, बायबलचा. आता असं म्हटल्यावर बायबल लोकांना वाचता तर आलं पाहिजे, म्हणून १५२२ मध्ये त्यानं नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) जर्मनमध्ये आणला.

यामुळेच प्रोटेस्टंट मिशनरी जिथे गेले तिथे शाळा आणि छापखाना आलाच. आपल्याकडे नगरला अमेरिकन मराठी मिशननं तेच केलं. तिथली मिस फरार यांची मुलींची शाळा जोतिराव फुले बघून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःची सुरू केली.