सेंट्रलच्या नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन – माझा अनुभव

केंद्र सरकारच्या एका ऑफिसात सिलेक्शन झालं आणि ऑफर लेटरबरोबर अटेस्टेशन फॉर्म आला, म्हणजे ज्यात आपली माहिती लिहून द्यायची आणि पोलीस ती तपासतात तो फॉर्म. क्लासवाले परीक्षेची सगळी तयारी करून घेतात पण या फॉर्मबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून लिहितोय. नाव, शिक्षण, ओळखीच्या दोन माणसांची नावं हे पटकन होतं, घोळ होतो तो पत्ते आणि केसच्या रकान्यात.

गेल्या 5 वर्षांत जिथे वर्षाच्या वर राहिलात ते सगळे पत्ते द्यायचे असतात. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले, रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डिंग पाडली, आईबाबा भाड्याच्या घरात, मधे मी पुण्याला होस्टेलवर, आणि आधारवर अजून चाळच. हवालदार साहेब तिकडे गेले तर समोर पत्रे ठोकलेले, मला फोन, "अहो, तुमची बिल्डिंग कुठाय?" मग म्हाडाचं पत्र, भाडेकरार, जुन्या शेजाऱ्यांचे जबाब. पुण्याच्या पत्त्याचा कागद तिकडच्या पोलिसांकडे वेगळा गेला, त्यांचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी आला.

आता केस. फॉर्म विचारतो, कधी अटक, खटला, कोर्टाचा दंड वगैरे? माझ्यावर होती. चाळीच्या प्रश्नावर जमावबंदी असताना आम्ही पोरं घोषणा देत रस्त्यात बसलो होतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(3) आणि 135 लागलं, दंड भरून विषय संपला. दादा म्हणाला लिहू नको, कोण बघतंय. चाळीतले रिटायर्ड पीएसआय काका म्हणाले, "बाळा, सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या कॉम्प्युटरवर, नाव टाकलं की निघतं, लिही गपचूप."

त्यांनीच अवतार सिंगची केस वाचायला लावली, सुप्रीम कोर्ट, 2016. त्यात म्हटलंय की तरुणपणी घोषणा दिल्या असली किरकोळ केस कोणी लपवली तरी ऑफिस आपल्या अधिकारात ती माफ करू शकतं. करू शकतं म्हणजे करेलच असं नाही, आणि खरं लिहिलं तरी तुमचा पूर्वेतिहास बघायचा हक्क त्यांना राहतोच. मला हे वाचून आधी घामच फुटला.

लिहिलं शेवटी. बाकीचे जॉईन झाले, माझी फाईल अडकली, खुलासा मागवला. कोर्टातून निकालाची सर्टिफाईड कॉपी काढून दिली, त्यात वेळ गेला (आधीच काढून ठेवा, प्लीज). बरेच जण समजतात पोलीस पास-नापास करतात, तसं नसतं, पोलीस फक्त रिपोर्ट देतात, निर्णय नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याचा. माझ्या अधिकाऱ्यांनी केस किरकोळ धरली आणि जॉइनिंग मिळालं.

कोणाला उमेदवारी रद्दचं लेटर आलंच तर नुसते विनंतीअर्ज करत बसू नका. सेंट्रलच्या भरतीसाठी कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) जाता येतं, बेंच मुंबईतच आहे, आणि मुदत साधारण ऑर्डरपासून 1 वर्ष.