सिरपूरची टिटवी

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट, इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी दाखवायचं काम होतं, अकरा जणांचा ग्रुप, बहुतेक आपली तिथलीच मराठी मंडळी. थंडीतली बदकं कधीच उत्तरेला गेलेली, म्हणून गेटवरच प्रश्न आला, आता काय दिसणार? मी म्हटलं घरटी दिसतील, फक्त हळू चला.

तलाव होळकरांच्या काळातला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, एवढं सांगतोय तोच डोक्यावर टिटवीने कल्ला केला. एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, टिटवी ओरडणं चांगलं नाही हं." पण ती अंगावर झेपावत होती, म्हणजे घरटं जवळच असणार. सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. बघतो तर माझ्या बुटापासून हातभर लांब, खडीतच, चार अंडी! मातकट, काळे डाग, निमुळती टोकं आत वळलेली. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा. नजर जरा हलली की परत सापडेना. अजून एक पाऊल पडलं असतं तर... छातीत धस्स झालं.

आल्या पावली मागे फिरलो आणि लांब बाभळीखाली बसलो. एक जण फक्त एकच फोटो म्हणत परत निघाला, मी जरा जोरातच अडवलं, कारण आपण जवळ असलो की ती अंड्यांवर येत नाही आणि त्या उन्हात उघडी अंडी शिजतात हो.

दहाएक मिनिटांनी ती पाण्याच्या काठाशी गेली, पोट पाण्यात बुडवून पिसं चांगली भिजवली, आणि तशीच ओली, दोन पावलं धावायचं, थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, असं करत येऊन अंड्यांवर बसली. अंडी गार ठेवायला नर-मादी दोघंही असं करतात, महिनाभर आळीपाळीने. आजींनी दुर्बीण कितीतरी वेळ सोडलीच नाही. मग म्हणाल्या, "चार आहेत ना? म्हणजे चारही महिने पाऊस, आमच्याकडे असंच म्हणायचे."

निघताना चौकीदारकाकांना सांगून ती वाट बरीच अलीकडे काटेरी फांद्या टाकून बंद केली. पुढच्या रविवारी ग्रुपला पलीकडच्या बांधावरून नेलं, दुर्बीण लावली. बसलेली होती, पोटाची पिसं ओली.