कालपासून

शुक्रवार, रात्री

"फॅन कधीपासून लागत नाहीये, ताई?" मिस्त्रींनी विचारलं आणि मी फटकन म्हणाले, "कालपासून."

खोटं. काल गाडीच्या तापमानाचा काटा चढला, एवढंच खरं. त्याआधी फॅन किती दिवस गप्प होता याची मला सुतराम कल्पना नाही. मग तसं सांगायचं की. 'माहीत नाही' म्हणायला काय जात होतं? मिस्त्री काही माझी तोंडी परीक्षा घेत नव्हते, त्यांनी आपलं बॉनेटमध्ये वाकल्या वाकल्या विचारलं. पण मला वाटलं, 'माहीत नाही' म्हटलं तर ते मान वर करून बघतील. अण्णांची गाडी आहे हे त्यांना माहीत आहे ना.

काल स्वारगेटच्या सिग्नलला काटा एचकडे सरकायला लागला. हीटर पूर्ण सोडायचा म्हणजे इंजिनाची धग आत ओढली जाते, हे तेवढं ऐन वेळी आठवलं. मार्चचं चार वाजताचं ऊन, काचा खाली, समोरून भट्टी. शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्या लाल तोंडाकडे बघितलं आणि मीटरकडे बघितल्यासारखं केलं.

आज मिस्त्रींना निदान करायला दोन मिनिटं लागली. पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या स्विचचा सॉकेट उपटला, त्यात वायरचा एक तुकडा वाकवून दोन्ही टोकं जोडली. घर्रर्र करून फॅन सुटला. "मोटर चांगली, फ्यूज चांगला. स्विच गेला." आणि लगेच, "डायरेक्ट करून देतो. डॅशबोर्डला बटण. काटा चढला की दाबायचं, विषय संपला."

अर्ध्या शहराच्या जुन्या गाड्या अशाच चालतात, मला माहीत आहे. वेडगळ काहीच नाही त्यात. पण दाबणार कोण? मी. जिला फॅन बंद पडलेला कळला नाही, ती.

हे मात्र मी बोलले नाही. नवीन स्विचच बसवायचा म्हटलं. ते म्हणाले, "मग नाना पेठेतून तुम्हीच घेऊन या, मला आज वेळ नाही. जुना बरोबर न्या, आटे जुळले पाहिजेत." पाणी गळू नये म्हणून त्या भोकात कसलंसं बूच ठोकलं. गाडी तिथेच, मी रिक्षाने.

जुन्यावरचे आकडे झिजलेले. दुकानदाराने नखाने खरवडून बघितलं, मग काचेवर दोन स्विच ठेवले. अंगठ्याएवढे, पितळी, जुळ्या भावंडांसारखे. एकावर ९२-८७, दुसऱ्यावर ८८-८३. पहिला आकडा फॅन लागायचा, दुसरा बंद व्हायचा, पाण्याच्या अंशांत. "८८ घ्या मॅडम, गाडी गार राहील. सगळे तोच नेतात."

गार राहील हे ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या थर्मोस्टॅट वॉल्व्हवर ८२ कोरलंय. म्हणजे पाणी ८२ला पोचलं की तो उघडायला लागतो, रेडिएटरकडे वाट मिळते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ते पाणी ८३च्या खाली उतरणार कधी? फॅन लागला की लागलाच. बॅटरीवर ताण, मोटर लवकर झिजणार, आणि फॅन मुद्दाम लागलाय की अडकलाय हे कळायची सोयही उरणार नाही. उलट फार वरचा घेतला तर तो लागेपर्यंत सिग्नलला आपलीच वाफ. तिसरा उपाय कंपनीचा स्विच मागवायचा, तर तो आठ दिवसांनी. मारुती ८०० बनायची थांबली २०१४च्या जानेवारीत, सामान अजून मिळतं हेच खूप.

मी ९२चा घेतला. तांब्याचा नवा वॉशर मागून घेतला. एवढं सगळं मला कळतं. कळतं म्हणून तर जास्त झोंबतंय. दिवसभर लॅबमध्ये पोरांना 'निरीक्षण लिहा, निरीक्षण' म्हणून ओरडणारी बाई मी. निरीक्षणाच्या रकान्यात आज काय लिहिलं, तर कालपासून.

दादाला फोन केला नाही. तो काय म्हणेल ते पाठ आहे, आणि पासिंग मी गेल्याच वर्षी पाच वर्षांसाठी करून घेतलंय.

कधीपासून असेल पण? थंडीत कॉलेजपर्यंतच्या आठ मिनिटांत इंजिन जेमतेम तापतं, वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, फॅनची गरजच पडत नाही. तसं असेल तर माझी काय चूक? काचा वर, गाणी चालू, पार्किंगमध्ये चावी काढली की वर. फॅन लागला किंवा नाही, मी ऐकायला थांबलेच कधी होते? अण्णा थांबायचे. गाडी लावून झाली तरी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे, फॅन लागून बंद होईपर्यंत. आम्ही मागच्या सीटवर चिडचिड करायचो.

जाऊ दे. झोप येत नाहीये.

रविवार, सकाळी

काल स्विच तसाच बसवायला द्यायचं जिवावर आलं. दुकानात गरम पाणी कुठून आणणार, शिक्क्यावर विश्वास ठेवायचा. म्हणून लॅबमधला ११० पर्यंतचा थर्मामीटर, अण्णांचा मल्टिमीटर आणि आईचं दुधाचं पातेलं. दोन्ही स्विच दोऱ्याने टांगले, फक्त पितळी टोक पाण्यात, बुडाला टेकू द्यायचं नाही. मल्टिमीटर बीपवर, म्हणजे स्विच आतून जोडला गेला की वाजणार.

आई ओट्याशी येऊन उभी राहिली. "हे काय शिजवतेस?"

"गाडीचा स्विच."

ती काही बोलली नाही. ८५, ८८, ९०. एक्क्याण्णवच्या जरा पुढे पारा जाताच नव्या स्विचने बीप दिला. जुना ढिम्म. पाण्याला उकळी फुटली, पुण्याच्या उंचीवर ती अठ्ठ्याण्णवच्या आसपासच फुटते, तरी ढिम्म. गॅस बंद केला, पाणी उतरत गेलं आणि सत्त्याऐंशीच्या जरा खाली नव्याचा बीप थांबला. मी इतकी खूश झाले की आईलाच सगळं समजावत बसले. हा फॅनला सांगतो कधी लागायचं ते, आणि जुना गेला होता म्हणून फॅन लागतच नव्हता.

"हो ना," आई म्हणाली. "दिवाळीपासून आवाज नाही त्याचा."

मी पातेलं धरून तशीच.

"दिवाळीपासून? अगं मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तूच काढून टाकलास."

मी कशाला फॅन काढून टाकीन, असं म्हणणार होते. पण दिवाळीच्या आधी मी अण्णांचं कपाट रिकामं केलं होतं. आईला विचारून केलं होतं. म्हणजे, सांगून.

तर तो विषय तिथेच राहिला. पातेल्यात आता दूध तापवायचं नाही असा हुकूम निघाला, आणि ते तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत गेलं.

दुपारी मिस्त्रींनी स्विच बसवला. इंजिन पूर्ण गार होतं, थोडं हिरवं कूलंट सांडलं, वॉशर बसला, पाना बेताने फिरवला. पितळ मऊ असतं, जोर केला तर आटे जातात. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, आतल्या हवेचे बुडबुडे निघेपर्यंत. 'कालपासून नव्हे, दिवाळीपासून बंद होता' असं त्यांना सांगायचं मी ठरवूनच गेले होते. ते म्हणाले, "वॉल्व्ह काढून टाकू का? परत कटकटच नको." मी नको म्हटलं. त्या हो-नकोत माझं सांगणं राहिलं. राहिलं म्हणजे, राहू दिलं.

रात्री गाडीची वही काढली. अण्णांची ती लांब, बिलं चिकटवलेली वही. नोंदी बघून मला माहीत होतं तसंच सगळं: 'मंगळवारपासून उजवीकडून बारीक कर्रकर्र. शनिवारी बेअरिंग.' 'खंबाटकीत काटा अर्ध्याच्या वर दोन रेघा.' माणूस होता की हवामान खातं. आणि मग २००७च्या जूनमध्ये, पेट्रोलच्या हिशेबाच्या मधे कोंबलेली एक ओळ.

'फॅन स्विच बदलला. ८८चा मिळाला. चालेल.'

चालेल! अण्णा! चहात साखर अर्धा चमचा कमी पडली तर जे 'चालेल' म्हणायचे नाहीत, त्यांना दुकानदाराने ८८चा टेकवला आणि ते मुकाट घेऊन आले. मी एकटीच खूप वेळ हसत होते. म्हणजे तो प्रत्येक उन्हाळ्यात पार्किंगमध्ये बसून राहायचा कार्यक्रम, आमची खोळंबलेली भूक, 'थांबा, फॅन बंद होऊ दे'. तो होणारच नव्हता बंद! ८३ला उतरायला पाहिजे ना.

त्यांना हे कळलं होतं की नाही, वहीत नाही.

आज सकाळी खाली जाऊन इंजिन चालू केलं आणि बॉनेटला टेकून उभी राहिले. अकरा मिनिटं. वॉचमन दोनदा येऊन गेला, "ढकलायची का, ताई?" मी त्याला नाही म्हणून सांगत होते तेवढ्यात घर्रर्र झालं, आणि वर बाल्कनीतून, पातेलं हातात, आई म्हणाली, "लागला गं."

बंदही झाला. चार मिनिटांत.

वहीत अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून लिहिलं: फॅन स्विच बदलला. ९२चा. दिवाळीपासून बंद होता (आई).