तुम्ही विचारलंत म्हणून: इतका पातळ थर बळकट कसा?

धातूचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रोमीटर असेल, तर तो नाजूकच असणार, मग त्याची ताकद मोजायची तरी कशाला, असे मला नेहमी विचारले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. असा तांब्याचा थर तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यापेक्षा अनेक पटींनी अधिक ताण सहन करतो. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतील रेषीय दोष, म्हणजे अणूंच्या रांगांची विस्कटलेली मांडणी, सरकल्यामुळे. पातळ थरात स्फटिककण इतके बारीक असतात की या दोषांना सरकायला जागाच उरत नाही.

असा थर निर्वात कक्षात धातूची वाफ करून चढवतात, आणि हे कण कसे वाढतील, हे तिथेच ठरते. तिथला दाब 10⁻⁶ टॉर, म्हणजे वातावरणाच्या सुमारे एक अब्जांश असला, की धातूचे अणू वाटेत कुणाला न धडकता थेट काचेवर किंवा सिलिकॉनवर पोहोचतात. तरीही उरलेल्या वायूचे रेणू इतके असतात की ते सगळे चिकटले, तर साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर त्यांचा एक पूर्ण थर बसेल. म्हणून ॲल्युमिनियमसारखा ऑक्सिजनची ओढ असलेला धातू फार सावकाश चढवला, तर थरात ऑक्साइड मिसळते, आणि कठीणपणाचा जो आकडा हाती येतो तो निव्वळ धातूचा राहत नाही.

मोजणीसाठी हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक थरात दाबतात आणि बल व खोली यांचा आलेख काढतात. खोली जाडीच्या एक दशांशाच्या आत ठेवावी लागते, नाहीतर खालची काचच उत्तर देऊ लागते. माझ्या मते मात्र त्याआधी थरातला अंगभूत ताण, म्हणजे बाहेरून बल न लावताही थरात राहिलेला ताण, पाहायला हवा. क्रोमियमचा एक चकचकीत थर कक्षाबाहेर काढल्यावर माझ्या डोळ्यांदेखत तडकून सोलला गेला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. हा ताण आधाराच्या पट्टीला येणाऱ्या बाकावरून काढता येतो, आणि त्याचे सूत्र स्टोनी यांनी 1909 मध्येच मांडले आहे.

स्पटरिंगमध्ये, म्हणजे आरगॉन वायूच्या आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवण्याच्या पद्धतीत, वायूचा दाब कमी ठेवला, तर त्याच धातूच्या थरात बहुधा आकुंचनाचा ताण (थर आतून दाबलेला) राहतो आणि वायूचा दाब वाढवला की ओढीचा. म्हणून चाचणीचा आलेख वाचताना थर चढवतानाची दाबाची आणि वेगाची नोंद मी शेजारी उघडी ठेवतो.