दुसऱ्या मुलीचे करारपत्र वाचताना

देवगड, १८ जुलै

सुट्टीवर घरी आले की वाडीतील कोणी ना कोणी कागद घेऊन येतेच. आज दुपारी शेजारची जी.एन.एम. (परिचर्येची पदविका) झालेली मुलगी वडिलांसह आली आणि सौदी अरेबियातील एका खासगी रुग्णालयाचे करारपत्र तिने माझ्यापुढे ठेवले. तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, बसता बसताच विचारले, "पगार बरो हा मा गो?" पगार बरा होता. दोन वर्षांची मुदत, आठवड्याला ४८ तास, राहण्याची सोय, हे सारे नेहमीप्रमाणेच होते. रियाधमध्ये परिचारिका म्हणून काढलेल्या वर्षांनी मला करारपत्र शेवटच्या पानापासून वाचायची सवय लावली आहे, म्हणून मी तेच पान आधी उघडले.

मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरतीचा सर्व खर्च परिचारिकेने परत करावा, असे तेथे लिहिले होते. रक्कम मात्र कोठेही नव्हती. सौदी कामगार कायद्याचा ४० वा अनुच्छेद भरतीचे शुल्क, इकामा म्हणजे तेथे राहण्याचा परवाना, त्याचे नूतनीकरण आणि करार संपल्यावरचे परतीचे तिकीट हा सारा खर्च मालकावर टाकतो. मग परत करायचे ते नेमके काय? त्यातच एजंटाने सेवाशुल्क म्हणून साडेतीन लाख मागितले आहेत. आपल्याकडील नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. शिवाय परिचारिकांची अशी लूट वाढल्यामुळेच २०१५ साली केंद्र सरकारने सौदीसह अठरा देशांसाठी त्यांना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळामार्फत परदेशी जाण्याची परवानगी बंधनकारक केली. या एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारला, तर तो दोघांनाही ठाऊक नव्हता.

मला खरे आश्चर्य काकांचे वाटले. आपली हापूसची बाग व्यापाऱ्याला कराराने देताना फवारणी कोणाची, राखण कोणाची, मोहोर गळाला तर नुकसान कोणाचे, यावर हाच माणूस दोन-दोन दिवस अडून बसतो. आणि मुलीच्या करारात, एजंटाच्या पैशांसाठी तीच बाग गहाण टाकायची तयारी असूनही त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. इंग्रजीत छापलेल्या कागदापुढे आपली माणसे उगीच नमतात, असे मला वाटते.

नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेबद्दल मी त्यांना सविस्तर सांगितले, कारण मुली तिकडेच सर्वाधिक दुर्लक्ष करतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार, असा या रकमेचा हिशेब असतो. स्वतःहून राजीनामा दिला, तर मात्र दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश आणि त्यानंतर संपूर्ण रक्कम मिळते. लग्नानंतर सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांत नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला मात्र पूर्ण रकमेचा हक्क आहे. आमच्या वॉर्डमधील एका सिस्टरला हे ठाऊक नव्हते. लग्नासाठी राजीनामा देऊन ती रिकाम्या हाताने केरळला परतली, आणि ते तिला कोणी सांगितलेही नाही. लग्नाचा विषय निघताच मुलगी लाजली, काका मात्र प्रथमच सावरून बसले. मालकाच्या संमतीशिवाय घरी येता येईल का, असे त्यांनी विचारले. १४ मार्च २०२१ पासून ती मुभा मिळाली आहे. मी गेले तेव्हा ती नव्हती, आणि आजीच्या दहाव्यालाही मला पोहोचता आले नव्हते.

शेवटी काकांनी माझ्यासमोरच एजंटाला फोन लावला. नोंदणी क्रमांक विचारताच, दुसऱ्या दोन मुली तयार आहेत, असे उत्तर आले. "लेखी पाठवा," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. मुलगी माझ्यावर थोडी रागावली आहे, आणि तिचा राग मला समजतो. डेटाफ्लो या पडताळणी करणाऱ्या कंपनीची कागदपत्र-पडताळणी एजंटाशिवायही सुरू करता येते, हे मी तिला समजावले. तिची मूळ प्रमाणपत्रे मुंबईतील ज्या रुग्णालयाने बाँडच्या, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीच्या, नावाखाली अडकवून ठेवली आहेत, तेथे सोमवारी दोघे जाणार आहेत. अनुभवाचा दाखला तारखांसह आणि कोणत्या वॉर्डमध्ये काम केले त्या उल्लेखासह मागा, असे मी कागदावर लिहून दिले आहे.