तपासले, चालू आहे

वर्गातल्या डिस्प्लेबद्दलची माझी तक्रार चार वेळा बंद झाली आणि चारही वेळा शेरा तोच: ‘तपासले, चालू आहे.’

आमच्या विभागातल्या नऊ वर्गांचे प्रोजेक्टर, माइक आणि कॅमेरे माझ्या गळ्यात पडले, कारण ज्या बैठकीत हे काम वाटलं गेलं तिला मी गैरहजर होते. यादी करणं, रिमोट शोधणं, केबलींना लेबलं लावणं आठवड्यात उरकलं. अडलं एकाच वर्गात. तिथे जुना प्रोजेक्टर काढून मोठा फोर-के, म्हणजे खूप बारीक तपशील दाखवणारा, डिस्प्ले बसवला होता. तेव्हापासून काहींचा लॅपटॉप जोडला की ‘नो सिग्नल’. गंमत अशी, की काहींचाच.

तक्रारीच्या ऑनलाइन अर्जात रकाना होता: ‘उपकरण चालू होते का? हो/नाही.’ होतं ना चालू! तेच तर दुखणं. तपशील लिहायला जेमतेम एक ओळ. मी दुसऱ्या वर्गात शिकवत असताना तंत्रज्ञ येऊन जायचे, स्वतःचा जुना लॅपटॉप लावायचे, चित्र झकास दिसायचं, तक्रार बंद. पुढच्या तासाला पुन्हा मी साठ मुलांसमोर केबल काढतेय, घालतेय, आणि मागच्या बाकांवरून सल्ले येताहेत.

शेवटी एका संध्याकाळी चिडून एकटीच बसले. अडणाऱ्या लॅपटॉपचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करून १९२० बाय १०८० केलं आणि चित्र आलं! मग उलगडलं. केबल जोडताच डिस्प्ले लॅपटॉपला सांगतो, ‘मला एवढं दाखवता येतं.’ या माहितीला ईडीआयडी म्हणतात. नवा डिस्प्ले सांगायचा फोर-के, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं. नवे लॅपटॉप इमानाने तेवढं पाठवायचे. त्यासाठी चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलमधून सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती जावी लागते, आणि भिंतीत होती जुनी, पंधरा मीटरची तांब्याची केबल. तिला ते झेपेना. तंत्रज्ञांचा जुना लॅपटॉप १०८०च पाठवायचा, त्याला साडेचार गिगाबिटच्या आसपास पुरतात. म्हणजे तंत्रज्ञांचा शेरा खरा आणि माझी तक्रारही खरी. डिस्प्ले बदलताना भिंतीतल्या केबलचा विचार कुणी केलाच नव्हता.

पाचव्या तक्रारीला दोन्ही लॅपटॉपांचे व्हिडिओ जोडले आणि ‘मी असतानाच या’ असं लिहिलं. तुम्हीही तपासणी त्रास देणाऱ्या लॅपटॉपवरच करून घ्या. तोवर ईडीआयडी १०८०वर बांधून ठेवणारी एक डबी मध्ये लावून काम भागवलं. पुढे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, केबल आली. तिला दिशा असते, एक टोक लॅपटॉपचं, दुसरं डिस्प्लेचं, टोकांवर तसं छापलेलंही असतं. आम्ही ती उलटी ओढली. हो, मी शेजारीच उभी होते. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.

वर्गाच्या स्पीकरमधून आवाज येत नसेल, तर आधी लॅपटॉपवर आवाजाचं आउटपुट बघा. एचडीएमआय जोडल्यावर ते पुष्कळदा गुपचूप डिस्प्लेकडे जातं. आणि कॅमेऱ्यासाठी साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. आमचा मागच्या भिंतीवरचा कॅमेरा दिसेनासा झाला तो त्यामुळेच. त्याची तक्रार मात्र मी अजून केलेली नाही, आधी व्हिडिओ काढून ठेवतेय.